पाकिटावर हेन्री दुसरा, आत तिसरा

नाणं घ्यायला दहा मिनिटं लागली. रविवारचा नाण्यांचा बाजार, अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पातळ पत्रा, पाकिटावर लिहिलेलं 'हेन्री दुसरा'. इंग्लंडचा जुना राजा म्हणून ८५ पौंड मोजले. नंतरचे दोन महिने मात्र त्या 'दुसरा'ने खाल्ले.

दुसऱ्या हेन्रीने हा आखूड क्रुसाचा छाप (मागच्या बाजूला मधोमध छोटा क्रूस) ११८० साली सुरू केला. पुढे रिचर्ड आला, जॉन आला, तिसरा हेन्री आला, पण १२४७पर्यंत नाण्यावर 'हेन्रीकस रेक्स', म्हणजे नुसतं 'राजा हेन्री'च! पेशवाईतल्या शिवराईवरही 'श्री राजा शिव'च असायचं, तशातली गत. म्हणून मागची बाजू आधी वाचा. तिथे नाणं पाडणाऱ्याचं आणि गावाचं नाव असतं. दिवा वरून नको, बाजूने धरा. आणि 'यू' शोधत बसू नका, तिथे 'व्ही' असतो. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

शेवटी लागलं: 'ऑस्मुंड ऑन कॅन'. म्हणजे कँटरबरीचा ऑस्मुंड. कँटरबरीची टांकसाळ दुसऱ्या हेन्रीच्या हयातीत हा छाप पाडतच नव्हती, आणि ऑस्मुंड तर तिसऱ्या हेन्रीच्या काळातला. विषय संपला, असं मला वाटलं.

विक्रेत्याला मेल केला. आठवडा गेला, उत्तर नाही. दुसरा मेल. अकराव्या दिवशी एक ओळ आली: "नाण्यावर हेन्री लिहिलंय." अरे बाबा, तेच तर सांगतोय! फोन केला, तर म्हणे फोटो पाठवा. पाठवले, तर म्हणे अंधुक आहेत, नाणंच पाठवा. पाठवलं, रजिस्टर्ड पोस्टाने, माझ्या खर्चाने. मग तीन आठवडे चिडीचूप. रोज दारातली पत्रं चाळायची आणि चरफडायचं.

(फिट्झविल्यम म्युझियमच्या मध्ययुगीन नाण्यांच्या ऑनलाइन यादीत मी आधी तीन दिवस घालवले होते. ती ११८०लाच थांबते. तुम्ही घालवू नका.)

हो, आणि विकत घेतानाच पाकिटाचा आणि नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. माझं घोडं त्यावरच गंगेत न्हालं, कारण पुढे तो म्हणायला लागला की 'दुसरा' असं मी लिहिलंच नव्हतं. फोटो पाठवल्यावर चौथ्या दिवशी ३० पौंड परत आले. माफीचा शब्द नाही.

नाणं आलं ते त्याच पाकिटात. रोमन आकड्यातल्या दोन उभ्या रेघांशेजारी त्याने बॉलपेनने तिसरी ओढली होती.