संथानमना दोष देण्याआधी: तुम्ही विचारलंत म्हणून

सरकारी भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणारा केंद्रीय दक्षता आयोग संथानम समितीनं सुचवला. त्याचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "आयोग नुसता सल्ला देतो. मग संथानम समितीनं केलं तरी काय?" एकदा सविस्तर सांगतो.

के. संथानम तमिळ, वकिलीचं शिक्षण, इंडियन एक्सप्रेस आणि हिंदुस्तान टाइम्समधलं संपादन, मग घटना समिती, रेल्वे राज्यमंत्रिपद, दुसरा वित्त आयोग. गृहमंत्री शास्त्रींनी १९६२ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक समिती त्यांच्याकडे सोपवली. आपले नाथ पै आणि र. के. खाडिलकरही तिच्यात होते. हे मात्र कोणी विचारत नाही.

समितीला आयोगात तीन शाखा हव्या होत्या: नागरिकांच्या तक्रारी, दक्षता आणि केंद्रीय पोलीस. यातली पहिली माझ्या मते सर्वांत मोलाची. समितीचं निदान असं की लाच देणाऱ्याला बहुतेक वेळा बेकायदा काही नको असतं, त्याला फाइल हलायला हवी असते. परवाना जितका अडेल तितका दर चढतो. म्हणजे उशिराचीच दाद लागली तर लाचेचं कारणच उरत नाही. ११ फेब्रुवारी १९६४ च्या ठरावानं आयोग स्थापन झाला, तो नेमकी ही शाखा गाळून. समितीचा अंतिम अहवाल तर ३१ मार्चला आला! उरलं ते असं: खात्याचा दक्षता अधिकारी प्राथमिक चौकशी करतो, आयोग सल्ला देतो, आरोपपत्र खातं देतं, शिक्षाही खातंच ठरवतं. सल्ला धुडकावला तर वार्षिक अहवालात नोंद होते, बस. हे संथानमच्या माथी मारू नका.

पण मंत्र्यांच्या बाबतीत मला त्यांची बाजू घेता येत नाही. दहा खासदारांनी किंवा आमदारांनी लेखी आरोप केला, तर पंतप्रधानांनी वा मुख्यमंत्र्यांनी तो चौकशीला पाठवावा, अशी शिफारस होती. पण बंधन कायद्याचं नव्हतं, संकेताचं होतं. कायदा जाणणाऱ्या, मंत्रिपद भोगलेल्या माणसानं संकेतावर भिस्त ठेवावी? यावर मीच स्वतःला उलट विचारतो, कायदा सुचवला असता तर त्या संसदेनं केला असता का? खुद्द दक्षता आयोगाला कायद्याचा आधार मिळायला विनीत नारायण खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा निकाल लागला, अधिनियम तर २००३ चा.