शून्य घाला म्हणे! – माझा अनुभव
मी डिचोलीचा, जिऑलॉजिस्ट. 2018 ला खाणी बंद पडल्यावर घरून करायची कामं शोधत होतो त्यात हे मिळालं, परदेशात अणुकचरा पुरायला जमिनीखाली बोगदे खणतायत त्यांच्या बांधकामाच्या नोंदी तपासून लावून द्यायच्या. साइट कुठली ते करारामुळे सांगत नाही. इंटरव्ह्यू, ट्रेनिंग, लॉगिन सगळं पटापट झालं.

अडलं एका रकान्यात. प्रत्येक ब्लास्टनंतर समोरच्या खडकात भेगा कुठे, पाणी किती झिरपतंय हे शिफ्टचा माणूस शीटवर लिहितो. एका शीटवर भेगा सुंदर काढलेल्या, कोपऱ्यात चिखलाच्या बोटाचा ठसा, आणि पाण्याचा रकाना कोरा. फॉर्म कोरं घेईचना. ऑफिसात विचारलं तर, "भाऊ, शून्य घाला आणि सबमिट करा, एवढं काय त्यात?"

मी नाही घातलं. शून्य म्हणजे मोजलं आणि कोरडं निघालं, इथे तर मोजलंच नव्हतं! फिनलंडच्या ओन्कालोत, म्हणजे अणुकचऱ्यासाठीच्या तिथल्या भूमिगत बोगद्यांत, तांब्याचा कॅनिस्टर (कचऱ्याचा बंद डबा) ज्या खड्ड्यात उतरवायचा तिथे मिनिटाला 0.1 लिटरपेक्षा जास्त पाणी चालत नाही, भोवतीची बेंटोनाइट माती वाहून जाईल म्हणून. आमच्या खाणीत शंका आली तर उतरून बेंच (खाणीची पायरी) परत बघायचो, इथे बोगदा एकदा भरला की बघणार काय? जर्मनीत आसेच्या मिठाच्या खाणीत 1967 ते 1978 अणुकचऱ्याची सव्वा लाखाच्या आसपास पिंपं ठेवली, नोंदी अर्धवट, आता आत पाणी येतंय आणि ती बाहेर काढायची म्हणतात.

मग फॉर्म 'अपूर्ण' शेरा मारून परत, काय अपूर्ण ते लिहीतच नाहीत, मेल करा तर तिकीट क्लोज, नवीन तिकीट काढा तर परत तेच, चतुर्थी आली नि गेली तरी हेच चालू, आठवलं की अजून डोकं फिरतं. शेवटी साइटवरच्या सर्वेवाल्या मॅडमना थेट लिहिलं. त्यांनी त्याच शिफ्टचे फोटो शोधून दिले, आणि छतातून पाणी गळताना स्वच्छ दिसतंय! त्यानंतर फॉर्मात 'मोजलेलं नाही' हा पर्याय आला, त्याचा मला अभिमान आहे.

हां, फोटोवर चेनेज (बोगद्याच्या तोंडापासूनचं अंतर) आणि तारीख असेल तरच तो उपयोगाचा. स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकू देऊ नका, फ्रान्सने मांश इथल्या अणुकचरा केंद्राच्या नोंदी टिकाऊ कागदावर छापून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्यात. आणि 'अपूर्ण' शेरा आला की फोनवर मिटवू नका, काय अपूर्ण ते लेखी मागा.