समोरच्या बाजूला आपलाच वकील

मंगळवारी मावशीबरोबर साताऱ्याच्या कोर्टात गेले होते. वाटपाचा दावा, मावशी वादी, माझे दोन मामा प्रतिवादी. माझ्या आईने हक्कसोडपत्रावर सही केली, मावशीने केली नाही, एवढाच काय तो फरक. पुकारा झाला. मामांच्या वतीने जे वकील उभे राहिले त्यांना बघून मावशीने माझं मनगट धरलं. "अगं, हे तर माझे वकील."

तीन वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडेच गेली होती. सातबारा, फेरफार, आजोबांच्या आजारपणातल्या पावत्या, सगळं टेबलावर ठेवलं. मामांना पहिली नोटीस त्यांनीच पाठवली. आणि त्याच खुर्चीत बसून मावशीने मनातलं सांगून टाकलं होतं: विहिरीजवळचे वीस गुंठे मिळाले तरी मी पुढं जाणार नाही.

गेल्या महिन्यात मामांकडून तडजोडीचा निरोप आला. वीस गुंठे, विहिरीजवळचे.

वकिलांनीच सांगितलं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण मावशीच्या मनात जे बसलं ते आता कोण काढणार? मावशीचं माहेर माहुलीचं, म्हणजे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. न्यायावरचा विश्वास तिला लहानपणापासून ऐकून मिळालेला. त्या दिवशी स्टँडपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

घरी येऊन मी वाचत बसले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ३३ वा नियम आहे: ज्या प्रकरणात वकिलाने एका पक्षकाराला सल्ला दिला किंवा त्याच्यासाठी काम केलं, त्यात त्याने विरुद्ध पक्षाकडून उभं राहायचं नाही. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. पूर्वीच्या १८७२ च्या कायद्यातही होतंच.

पण मला हलवलं ते १९५७ च्या माणकलाल खटल्याने. राजस्थानातल्या एका वकिलाची चौकशी करणाऱ्या समितीचा अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराच्याच बाजूने कोर्टात उभा राहिलेला होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, पक्षपात प्रत्यक्ष झाला हे सिद्ध करायची गरज नाही, पक्षकाराला तशी रास्त भीती वाटली तरी पुरे. आणि तरीही माणकलाल हरले! कारण अध्यक्षाबद्दल माहीत असून त्यांनी वेळेवर हरकत घेतली नाही, अहवाल विरुद्ध गेल्यावर घेतली. तो खटला निवाडा करणाऱ्याबद्दलचा, आमचा वकिलाबद्दलचा, हे मला कळतं. तरी गप्प बसण्याची किंमत दोन्हीकडे सारखीच.

मावशी गप्पच बसणार होती. "मोठा माणूस आहे, उगीच वैर कशाला," म्हणाली. आपल्याकडे बायका हिस्सा मागतात तेव्हाच निम्म्या थकलेल्या असतात, हरकत घ्यायला त्राण कुठून आणणार? म्हणून हे सांगते: बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे. संविधानाच्या अनुच्छेद ३९क मधून आलेला हा हक्क आहे, उपकार नव्हे. मावशीचा आताचा वकील तिथूनच मिळालाय, तरुण आहे, पण जुन्या वकिलांनी मामांकडून उभं राहण्याला हरकत घेणारा अर्ज त्याने दुसऱ्याच दिवशी टाइप करून आणला.

जुनी नोटीस मात्र सापडत नव्हती. शेवटी देव्हाऱ्याखालच्या डब्यात, रेशनकार्डाच्या आत घडी घालून ठेवलेली निघाली. खाली त्या वकिलांचा शिक्का, निळ्या शाईतली सही आणि तारीख.

शुक्रवारी अर्ज दाखल झाला. कोर्टाने समोरच्यांचं म्हणणं मागवलंय. तडजोडीच्या निरोपाला मावशीने अजून उत्तर दिलेलं नाही.