भारताचा की जर्मनीचा? आयकॅनच्या अर्जातला एक रकाना

इंटरनेटवरची नावं आणि पत्ते यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनच्या संचालक मंडळासाठी मी अर्ज भरला. नोकरीचा तपशील, शिफारस करणारे लोक, 'तुम्ही मंडळाला काय देऊ शकता' वगैरे दोन संध्याकाळींत उरकलं. अडलो एका छोट्या रकान्यापाशी: प्रादेशिक विविधतेच्या हिशेबासाठी तुमचा देश कोणता धरायचा?

मी मूळचा कोल्हापूरचा, पासपोर्ट भारतीय, पण गेली 9 वर्षं फ्रँकफुर्टला नेटवर्कच्या कामात. आयकॅनच्या नियमांत माझ्यासारख्यांची सोय आहे. नागरिकत्व नसलेल्या देशात 5 वर्षांहून जास्त काळ कायमचं राहत असाल, तर दोन्हींपैकी एक देश उमेदवारानेच निवडायचा. भारत लिहिलं तर मी आशियाचा, जर्मनी लिहिलं तर युरोपचा. माणूस तोच.

मंडळात मताधिकाराच्या 16 जागा. त्यांतल्या 8 नॉमिनेटिंग कमिटी, म्हणजे नॉमकॉम, भरते. जगाचे पाच विभाग पाडलेत: आफ्रिका, युरोप, उत्तर अमेरिका, लॅटिन अमेरिका-कॅरिबियन आणि आशिया-ऑस्ट्रेलिया-पॅसिफिक. प्रत्येकातून किमान एक संचालक हवा आणि अध्यक्ष (म्हणजे संस्थेचे सीईओ) सोडून एकाचे 5 पेक्षा जास्त नकोत. कागदावर चोख. पण उत्तर अमेरिका म्हणजे मुख्यतः अमेरिका नि कॅनडा. मेक्सिकोसुद्धा लॅटिन अमेरिकेत. आणि आमच्या पंगतीला भारत, चीन, जपान, इंडोनेशिया, सौदी, ऑस्ट्रेलिया, फिजी. पाचाची कमाल मात्र दोघांनाही सारखीच!

ऑफिसातला मित्र म्हणाला, "जर्मनी टाक, आशियाच्या रांगेत गर्दी असणार." त्याचा अंदाज चुकीचा नसेलही. पण आमच्याकडे आरक्षण बदललं की शेजारच्या गटात जाऊन उभं राहणाऱ्याला पारावर काय म्हणतात, ते ऐकत मी मोठा झालोय. भारत लिहिलं.

मुलाखत व्हिडिओवर झाली. एका बाईंनी विचारलं, तुमच्या भागातलं कुणी मंडळात नसेल तर नेमकं काय बिघडेल? पाठ केलेलं उत्तर ऐन वेळी आठवेना. मग कागदावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द लिहून कॅमेऱ्यासमोर धरले: दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसरा डोंगरातला. हा 'ऱ्य' टाइप करायच्या एका पद्धतीत न दिसणारं जोडचिन्ह लागतं आणि डोमेनच्या सर्वांत वरच्या पातळीवरच्या, म्हणजे पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या .com सारख्या नावांत ते चालत नाही. तिथे खाली टिंब असलेल्या ऱ ची वाट मराठीला लागते. 2014 मध्ये देवनागरीतलं .भारत सुरू झालं ते हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशा आठ भाषांसाठी. पण यातल्या हिंदीवाल्याला ही अडचण कधी येतच नाही. कुणीतरी मराठी माणूस तिथे असावा लागतो.

बाई हसल्या. म्हणाल्या, "पण निवडून आल्यावर तुम्ही कुणाचे प्रतिनिधी नसता, हे माहीत आहे ना?" माहीत होतं. संचालकाने संस्थेचं हित पाहायचं, विभागाचं नाही, असं नियमांतच आहे. मी म्हणालो, मला तमिळचंसुद्धा सांगता येणार नाही, मग फिजीचं काय सांगणार! फक्त कुठे विचारायला हवं, हे मला लवकर कळेल. उत्तर बरं होतं की भाबडं, अजून ठरवता आलेलं नाही.

निवड झाली नाही. चार ओळींची सभ्य ईमेल आली. मित्राने अर्थातच "सांगितलं होतं" म्हणून घेतलं.

यंदा पुन्हा अर्ज करायचा विचार आहे, पण टेबलाच्या खणात जर्मन नागरिकत्वाचे कागदही अर्धवट भरून पडलेत. जर्मनीला आता दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. ते कागद आधी दिले, तर पुढच्या वेळी त्या रकान्यात मला भारत लिहिताच येणार नाही. बायको म्हणते, आधी अर्ज भर.