आमची वाटचाल : रेडियमच्या दुकानापासून कंटूर कटपर्यंत

नाशिकच्या सातपूरमध्ये आम्ही व्यवसाय सुरू केला तेव्हा गाड्यांच्या काचेवरची नावे आणि नंबरप्लेट एवढेच काम होते. ज्याला सगळे रेडियम म्हणतात, त्या एकरंगी व्हिनाईलमध्ये अक्षरे कापताना कटिंगची रेषा निराळी काढावी लागत नाही, कारण फॉन्टची कडा हीच प्लॉटरच्या (संगणकावर चालणाऱ्या कटिंग यंत्राच्या) ब्लेडची वाट असते. छापील चित्राचे स्टिकर मात्र आमच्याकडे कात्रीनेच कापले जात. 2015 च्या सिंहस्थाच्या वेळी अशा स्टिकरची मागणी वाढली आणि छपाईभोवतीच्या खुणा वाचणारा सेन्सर असलेला, म्हणजे चित्राच्या कडेने कापणारा (कंटूर कट करणारा) प्लॉटर आम्ही कर्ज काढून घेतला.

यंत्र आले, पण चित्राभोवतीची रेषा ते स्वतः काढत नाही, हे आम्हाला उशिरा कळले. दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराने पेट्यांसाठी मोबाइलवर लोगो पाठवला होता. आम्ही ती जेपीईजी फाईल थेट ट्रेस केली, म्हणजे संगणकाकडून तिच्या कडेची रेषा काढून घेतली. दाबून लहान केलेल्या त्या चित्राच्या कडेचे करडे ठिपकेही ट्रेसमध्ये आले, रेषेवर हजारो नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) पडले, ब्लेड जागोजागी अडखळले आणि छापलेला रोल वाया गेला.

त्यानंतर पद्धत बदलली. मूळ चित्र छपाईसाठी तसेच ठेवायचे, त्याची एक प्रत कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये निव्वळ काळी-पांढरी करायची, आतली भोके बुजवून फक्त बाह्याकृती ट्रेस करायची, त्यातल्या कंटूर या सोयीने ती 2 मिमी बाहेर न्यायची, आणि मग कंटूर सुटा करून, नोड कमी करून, आतला रंग काढून तो हेअरलाइनमध्ये (केसासारख्या बारीक रेषेत) वेगळ्या लेयरवर ठेवायचा. पांढरी किनार नको असेल, तर उलट चित्राचीच पार्श्वभूमी रेषेच्या बाहेर 2 मिमी वाढवावी लागते, कारण अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी पांढरी कड दिसते.

खरी कसोटी लागते ती रेषा कुठे सोडून द्यायची हे ठरवताना. द्राक्षवेलीचे दोऱ्यासारखे टोक संगणकाला कापण्याजोगे दिसते, पण फालतू व्हिनाईल सोलताना तेच आधी फाटते आणि पेटीवर लागले तर तिथूनच स्टिकर उचकटतो. म्हणून अशी टोके आम्ही एका गुळगुळीत वळणात गुंडाळून घेतो आणि टोकदार कोपरे गोल करतो. काही ग्राहकांना हे रुचत नाही. त्यांना चित्र जसेच्या तसे कापून हवे असते. त्यांना आम्ही एक नमुना कापून देतो आणि तो स्वतः सोलून पाहायला सांगतो.

बाकीच्या गोष्टी सवयीच्या झाल्या. सॉल्व्हंट शाईची छपाई लॅमिनेशनपूर्वी किमान 24 तास मोकळी ठेवायची, नाहीतर कडा वळतात. चकचकीत लॅमिनेशनमुळे सेन्सर चुकतो, म्हणून चारही खुणा उघड्या ठेवायच्या. खालचा कागद कापला जाऊ नये, यासाठी ब्लेडचा दाब रोज एका छोट्या चौकोनावर तपासायचा. रेषा काढण्याचे पैसे आता आम्ही बिलात वेगळे दाखवतो, आणि त्यावरून काही ग्राहक तुटलेही.

2027 च्या सिंहस्थासाठी जुने ग्राहक पुन्हा विचारणा करू लागले, तेव्हा मागच्या वेळच्या फायली उघडल्या. चित्रे चांगली आहेत. रेषा मात्र सगळ्या नव्याने काढायला घेतल्या आहेत.