फळाचा ताप

‘तिरंगा आलाय. उद्या रोटर फिरवून टोमॅटोचा प्लॉट मोडतो.’ तात्यांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

जुन्नर तालुक्यात टोमॅटो करणाऱ्याला २०२० चा उन्हाळा विसरता येत नाही. फळं धड लाल नाहीत, धड हिरवी नाहीत; या रोगालाच इकडे ‘तिरंगा’ म्हणतात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं तपासलेल्या नमुन्यांत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला होता. तेव्हापासून पिवळं फळ दिसलं की इकडे पोटात गोळाच येतो.

मी कृषी सेवा केंद्रात सल्ल्याचं काम बघतो. भर दुपारी प्लॉटवर पोचलो. मल्चिंग, ठिबक, तार-बांबू, सगळं चोख. फक्त हवा खेळावी म्हणून खालची पानं इतकी काढलेली की घोसच्या घोस उघडे. फळं पिवळी होती, पण ती सरीच्या मावळतीच्या बाजूची. त्याच झाडावर पानाआडचं फळ लालभडक. विषाणू काही दिशा बघून येत नाही.

मातीचं तापमान बघायचा थर्मामीटर गाडीत असतोच. सावलीत ३९ दाखवत होता, उन्हातल्या फळात खुपसला तर ४८. तात्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि स्वतः दुसऱ्या फळात खुपसला. मग तिसऱ्या.

तापमान तिशीच्या पुढे गेलं की फळाला लाल करणारं लायकोपीन नीट तयार होत नाही, पिवळा रंग तेवढा भरत राहतो. असं फळ गारव्याला आलं की बऱ्याचदा पुन्हा लाल होतं. पांढरा, कागदासारखा चट्टा पडलेलं मात्र गेलंच.

‘आणि फुलगळ?’

‘रात्रीसुद्धा उकाडा आहे, तात्या. पराग निकामी होतो, फळ बसणार कसं? रात्री गार पडू लागेपर्यंत थांबा.’

तोवर काकूंनी गोठ्यातून ‘व्हायरसवरचं’ म्हणून कुठूनशी आणलेली महागडी बाटली पुढे केली. विषाणू मारणारी फवारणी अजून तरी नाही; तो पसरवणारी मावा कीड आवरता येते, इतकंच. औषधं विकणाऱ्या दुकानात बसून हे सांगणं धंद्याच्या मुळावर येतं, तरी सांगितलं.

कोपऱ्यात मात्र दोन-तीन झाडांची पानं खरंच आक्रसून दोरीसारखी झालेली. ती उपटून पोत्यात भरून लांब नेऊन गाडायला लावली. बाकी प्लॉटला पश्चिमेकडून जुन्या साड्या बांधल्या. ठिबक एकदम तास-दोन तास न सोडता थोडं थोडं, पण रोज. पानं काढणं बंद. फळ रंगावर येताच पहाटे तोडून शेडमध्ये पातळ पसरायचं.

तीन-चार दिवसांत त्यातलं बरंचसं लाल झालं. नारायणगावच्या मार्केटात भाव पहिल्या प्रतीच्या मालापेक्षा कमीच लागला, पण क्रेट भरून गेले. रोटरवाल्याला तर काकूंनी त्याच दुपारी परस्पर फोन करून ‘येऊ नको’ म्हणून कळवलं होतं.