ओहोटी गाठून कारवार

बेळगावकराला समुद्राची आठवण झाली की गाडी चोर्ला घाटाने गोव्याकडे वळते. या वेळी मात्र आम्ही खानापूर, रामनगर, जोयडा असा रस्ता धरला, कारण मुलांना कारवारजवळ काळी नदीच्या मुखाशी असलेले कांदळवन दाखवायचे होते. चिखलातील जीव ओहोटीलाच दिसतात, म्हणून दिवस दशमीचा निवडला. कोकणपट्टीत तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. त्या हिशेबाने भरती सकाळी साडेसातला आणि ओहोटी दुपारी पावणेदोनच्या सुमारास येत होती. शिवाय एकादशी दुसऱ्या दिवशी असल्याने आईकडून मासळीच्या जेवणालाही हरकत नव्हती.

अणशी घाट आणि कद्रा मागे टाकून, जेवण उरकून पायवाटेवर पोहोचलो, तेव्हा पाणी उतरले होते. तिवराची श्वासमुळे चिखलातून बोटभर वर आली होती. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे झाडाला हवा बाहेरूनच घ्यावी लागते. शोषलेले जादा मीठ तिवर पानांवाटे टाकतो, हे सांगताच धाकटीने एका पानाला जीभ लावली आणि तोंड वेडेवाकडे केले.

खरा मुक्काम पडला तो फिडलर जातीच्या खेकड्यांपाशी. नराचा एक नांगा अवाढव्य असतो. तो हलवून तो मादीला बोलावतो, दुसऱ्या नराला धमकावतो, पण खाण्यासाठी त्याचा काडीचा उपयोग होत नाही. चिखल तोंडात जातो तो लहान नांग्यानेच. मादीचे दोन्ही नांगे लहान असल्याने ती दोन्हींनी खाते. "म्हणजे इथंही मिरवणं त्याचं आणि पोटाची अक्कल हिची," आई म्हणाली.

शेजारीच निवटी हा मासा परांच्या जोरावर चिखलात सरकत होता. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या त्वचेतून श्वास घेऊन तो पाण्याबाहेर राहतो. मधूनच कुशीवर लोळून अंग भिजवून घेतो. वर विटकरी पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार घिरट्या घालत होती, पण मुलांचे डोळे खालीच खिळले होते.

टागोर किनाऱ्यावर जेमतेम अर्धा तास मिळाला. वाळूत उभी केलेली जुनी युद्धनौका बाहेरूनच पाहिली, कारण अणशीचे जंगल अंधार पडण्यापूर्वी ओलांडायचे होते.